रविवारची चौकशी

कसा गेला, ते मी सांगणार नाही. ते विचारणारे पुष्कळ भेटले. दहाव्याला आलेल्या एका बाईनं तर पाण्याचा पेला हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "म्हणजे नक्की कसं केलं हो?" मी म्हटलं, "तुम्हाला कशाला पाहिजे? पेपरात छापायचंय?" बाई पाणी न पिताच उठली. उठू दे. माझी जीभ आधीपासूनच तिखट, पोरगं गेल्यावर ती गोड कशाला होईल?

माझा मुलगा सव्वीस वर्षांचा होता. हिंजवडीला कंपनीत कामाला होता, वाकडला कॉलेजच्या मित्राबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि सुट्टीला मोशीला आमच्याकडे यायचा. त्यानं आत्महत्या केली. हा शब्द मी आता मुद्दाम पूर्ण उच्चारते. सुरुवातीला आम्ही सोसायटीत "अटॅक आला" असंच सांगितलं होतं. एवढ्याशा वयात अटॅक, अरेरे, असं म्हणत लोक आपापल्या पोरांचे ईसीजी काढून आले. मग कळायचं ते सगळ्यांना कळलंच. मी घरी शिलाईकाम करते. त्यानंतर माझ्याकडं फॉल-पिको यायचं, जुने ब्लाऊज उसवायला यायचे, पण नवरीचा ब्लाऊज म्हटलं की बायांना अचानक भोसरीतला टेलर आठवायचा. माझ्या हाताला काय लागलं होतं, देव जाणे.

ते असो. मला सांगायचंय ते आमच्या ह्यांच्याबद्दल आणि मुलाच्या त्या मित्राबद्दल.

आमचे हे चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. लातूरकडून आलो तेव्हा लाइनवर हेल्पर म्हणून चिकटले आणि चढत चढत सुपरवायझर झाले. त्यांच्या कामाची एक रीत आहे. एखादा पार्ट खराब निघून परत आला, की सगळे एकत्र बसतात आणि विचारतात, का? उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही विचारतात, का? असं पाच वेळा. त्याला हे लोक व्हाय-व्हाय म्हणतात. भोक वाकडं पडलं, का? ड्रिल झिजलं होतं. का झिजलं? वेळेवर बदललं नाही. का नाही बदललं? असं खणत खणत गेलं की पाचव्या ‘का’ला म्हणे खरं मूळ हाती लागतं. रूट कॉज. ते सापडलं की त्याचा बंदोबस्त करायचा आणि विषय बंद. ह्यांना त्याचा फार अभिमान. बोलताना एकेका ‘का’ला हाताचं एकेक बोट मिटत जातात.

घरीसुद्धा तेच. दूध उतू गेलं की मी फडकं शोधतेय आणि हे दारात उभे, "का उतू गेलं?" मी म्हणायची, "गॅसपाशी नव्हते." "का नव्हतीस?" "तुमचा टॉवेल शोधत होते!" माझा मुलगा पोट धरून हसायचा. म्हणायचा, "पप्पा, रूट कॉज तुम्हीच निघालात. करा आता स्वतःचा बंदोबस्त." हेही हसायचे. मजा होती आमच्या घरात, खोटं कशाला सांगू.

तेरावा झाला, हे कामावर रुजू झाले. कंपनीच्या बसनं जायचे, बसनं यायचे, जेवायचे, झोपायचे. आणि पहिल्याच रविवारी त्यांनी मुलाच्या मित्राला फोन केला. "ये रे. थोडं बोलायचंय."

हा मित्र पिंपळे गुरवचा. वडिलांचं तिथं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. मुसलमान घर. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून दोघांची जोडी. आमच्याकडं आला की थेट स्वयंपाकघरात शिरायचा, "काकू, शेंगदाण्याची चटणी संपली का हो?" माझ्या मुलाला सगळ्यात आधी त्यानंच पाहिलं. दार त्यानं उघडलं. आम्हाला फोनही त्यानंच केला. नंतर त्यानं तो फ्लॅट सोडला आणि आईवडिलांकडं परत गेला.

तो आला. हे सोफ्यावर, तो समोर खुर्चीत.

"त्या आठवड्यात तो नीट जेवत होता का?"

"कमी जेवायचा, काका."

"का कमी?"

"भूक नाही म्हणायचा."

"का भूक नाही?"

"कामाचा ताण असेल."

"ताण सगळ्यांनाच असतो. त्यालाच का?"

तिथं पोरगं गप्प व्हायचं. ह्यांचं बोट अर्धवट मिटलेलं राहायचं. मग दुसऱ्या टोकानं सुरुवात. साहेब कसा होता? कुणी मुलगी होती का? रात्री किती वाजेपर्यंत जागायचा? फोनवर कुणाशी बोलायचा? कुठल्याही वाटेनं गेलं तरी शेवटी ती वाट मधेच खुंटायची. मग हे म्हणायचे, "बरं. पुढच्या रविवारी बघू." आणि पुढच्या रविवारी तो भोसरीचा ट्रॅफिक तुडवत पुन्हा हजर.

मी आत मशीनवर बसलेली असायची. ऐकायचं नसायचं आणि कान तर तिकडंच. खरं बोलायचं तर मलाही ते मूळ हवं होतं. एखादा साहेब, एखादी मुलगी, कुणीही, ज्याच्या नावानं मला बोटं मोडता आली असती. शिव्याशाप द्यायला कुणीतरी लागतं माणसाला. नुसत्या हवेला शिव्या घालून तोंड दुखतं, दुसरं काही होत नाही. पोरावर तर राग काढता येत नव्हता. म्हणजे यायचा राग. मेल्या, एक फोन करता आला नाही का आईला, असं भांडी घासताना मोठ्यानं म्हणायची मी. आणि मग तोंडातून ‘मेल्या’ गेलं म्हणून तिथंच ओट्याला धरून रडायची.

उन्हाळा गेला, पाऊस झाला. आमच्याकडं त्या वर्षी गणपती बसला नाही. रविवार मात्र चुकला नाही. मित्राचा शर्ट अंगावर लोंबायला लागला होता. चटणी मागायचं त्यानं कधीच सोडलं होतं. मी ताट वाढायची, तो अर्धं खायचा, "छान झालंय, काकू" म्हणायचा. "ऑफिसला जातोस ना रे?" "घरूनच करतो, काकू." मला वाटायचं, दुःख आहे पोराला, जिवाभावाचा मित्र गेला, खंगणारच. खंगणं मला त्या दिवसांत चुकीचं वाटतच नव्हतं. उलट कुणी धडधाकट दिसलं की राग यायचा.

एका बुधवारी दुपारी दार वाजलं. बाहेर बुरख्यातली एक बाई, घामाघूम, बस बदलत आलेली. "मी त्याची आई," ती म्हणाली. पूर्वी एक-दोनदा भेट झाली होती, म्हणून ओळखलं. खुर्चीच्या कडेवर बसली. मी चहा ठेवला.

"ताई, एक मागायला आले," ती म्हणाली. "रविवारी त्याला बोलवू नका."

मी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला.

"शनिवारपासनंच पोरगं जेवत नाही. तुमच्याकडनं आलं की खोलीचं दार लावून बसतं. नको जाऊ म्हटलं तर म्हणतो, काकांना वाईट वाटंल. गुन्हेगारासारखी हजेरी लावतंय ओ ते."

माझं डोकंच फिरलं. माझ्या घरात येऊन, माझ्या मुलाच्या हार घातलेल्या फोटोसमोर बसून, ही बाई मला तिच्या पोराच्या जेवणाचं सांगतेय! मी म्हटलं, "तुमचं पोरगं जेवत नाही. नाही जेवत, पण आहे ना? दार लावून का होईना, आत आहे ना? माझ्याकडं वाजवायला दारसुद्धा नाही."

ती उठली. चहा तसाच राहिला. चपला घालताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "आहे, ताई. म्हणूनच तर आले."

ह्यांना मी काही सांगितलं नाही. गुरुवार, शुक्रवार नुसती धुसफुसत होते. शिवलेली शिवण उसवत होते, उसवलेली शिवत होते. शनिवारी संध्याकाळी वाटलं, ह्यांना सांगावं, बास करा. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर "उद्या भाजी कुठली आणायची?" माझ्यासारखी फटकळ बाई, पण जिथं बोलायचं तिथं वाचा बसली.

रविवारी तो आला. त्या दिवशी ह्यांनी नवीन टोक धरलं. इतके महिने ह्या एका गोष्टीला त्यांनी हात लावला नव्हता.

"त्या रात्री तू फ्लॅटवर नव्हतास. का?"

"ईद होती, काका. घरी गेलो होतो."

"ते माहितीये. पण संध्याकाळपर्यंत परत येतो, असा मेसेज केला होतास त्याला. त्याच्या फोनमध्ये पाहिला मी. मग का नाही आलास?"

मशीनवरचा माझा पाय थांबला.

"आईनं थांबवलं."

"का थांबवलं?"

"काका, राहू द्या ना."

"राहू द्या कसं? का थांबवलं आईनं?"

आणि इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या क्षणाला मला बरं वाटलं. सापडली, असं वाटलं. ही बाई! बुधवारी माझ्या दारात येऊन पोराच्या जेवणाचं सांगणारी बाई! हिनं थांबवलं नसतं तर तो संध्याकाळी परतला असता, माझा मुलगा एकटा राहिला नसता. इतके महिने रिकामा असलेला माझा राग एकदम जागेवर जाऊन बसला. असं गार वाटलं की मला अजून त्याची भीती वाटते.

मी उठून दारात आले. पोरगं मान खाली घालून बसलं होतं. मग हळू आवाजात म्हणालं, "शिरखुर्मा संपला होता. पाहुणे जास्त आले. आई म्हणाली, मोशीचा डबा राहिला. थांब आजची रात्र, सकाळी ताजा करून देते, तो घेऊन जा." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "दर ईदला येतो ना तुमच्याकडं डबा. तुमच्या डब्यासाठी थांबलो, काका."

ह्यांचा हात हवेत तसाच राहिला.

तो डबा दर वर्षी यायचा. आम्ही वाट बघायचो. मी रिकामा डबा परत पाठवायची नाही, त्यात शेंगदाण्याचे लाडू घालायची. त्या वर्षी डबा आला नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. कसं येणार? आणि हे पोरगं सगळं सांगत होतं, झोप, जेवण, साहेब, जे विचारलं ते, पण एवढी एक गोष्ट पोटात दाबून बसलं होतं. आमच्यापर्यंत पोचू नये म्हणून.

"मी आईला नाही म्हणायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "चूक माझीच आहे. तुम्ही माझंच नाव घ्या, काका, आणि संपवा हे सगळं."

ते त्यानं चिडून म्हटलं असतं तर मला काही वाटलं नसतं. तो अगदी शांतपणे बोलला. माझा मुलगा शेवटचा घरी आला तेव्हा असाच होता. राग नाही, हट्ट नाही, सगळ्याला हो. मी शेजारणीला म्हटलं होतं, किती शहाणा झालाय बघा.

मी खाली त्याच्या पायाशी बसले. त्याचे दोन्ही गुडघे धरले. "माझ्याकडं बघ," म्हटलं. "खरं सांग. मरायचे विचार येतात का तुला?"

"अगं!" हे ओरडले. "काय अभद्र बोलतेस?"

"तुम्ही गप्प बसा हो! इतके महिने तुम्ही विचारलंत. आता मला विचारू द्या." आणि पोराला पुन्हा विचारलं, "येतात का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी नजरेला नजर दिली त्यानं. "हो, काकू," म्हणाला. चहा घेतोस का विचारल्यावर म्हणावं, तितक्या साधेपणानं म्हणाला. "बहुतेक रोज येतात."

माझ्या मनात आलं, विचारलं आणि त्यानं सांगितलं. एवढंच होतं का हे? असं आतून काहीतरी फाटत गेलं, पण ती वेळ माझ्या रडण्याची नव्हती.

"गाडीची चावी दे इकडं," मी म्हटलं. त्यानं निमूट दिली. ह्यांना म्हटलं, "रिक्षा बघा." हे चप्पल न घालताच खाली पळाले आणि पुन्हा चपलेसाठी वर आले. रिक्षात त्याला आमच्या दोघांच्या मध्ये बसवलं. ह्यांनी त्याचं मनगट धरलं होतं, जत्रेत लहान पोराचं धरतात तसं. भोसरीच्या सिग्नलला, पुलाखाली, कुठंच सोडलं नाही. मधेच त्याच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, तेव्हा ह्यांनी दुसऱ्या हातानं आपला रुमाल काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याच्या आईनं दार उघडलं. तिघांना बघून तिचं तोंड पांढरं पडलं. मी काही गोल गोल बोलले नाही. "तुमच्या मुलाला मरायचे विचार येतात," म्हटलं. "त्यानं आत्ता सांगितलं. माझ्या मुलाचं आम्हाला कळलं नाही, तुम्हाला कळलंय. त्याला एकटं सोडू नका." तिनं पोराच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला असं आवळून धरलं की त्याचा चष्मा खाली पडला. वडील गॅरेजमधून तसेच आले, काळे हात अंगापासून लांब धरून उभे राहिले. मी त्याच्या आईला म्हटलं, "बुधवारी मी जे बोलले..." तिनं मला पुरं करू दिलं नाही. "ते आता नको, ताई. उद्या कुणाकडं न्यायचं, ते बोला."

तो बरा झाला, असं म्हणून मी मोकळी होणार नाही. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांकडं जाणं चालू आहे. काही आठवडे चांगले जातात, काही वाईट. वाईट असला की फोन येतो, "काकू, आज बरं नाहीये." मी म्हणते, ये. नाही तर मी जाते. आम्ही दोघी आया मग भाजी निवडत बसतो आणि तो आत पडलेला असतो. त्याच्या आईनं अजून स्वतःला माफ केलेलं नाही, हे मला कळतं. डब्याबद्दल आम्ही एकदाच बोललो. मी म्हटलं, "तुम्ही आमच्यासाठी ठेवून घेतलंत त्याला." ती कोथिंबीर निवडत राहिली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायचं राहिलं. आम्ही सगळेच दवाखान्यात गेलो, मानसोपचाराच्या विभागात. बाकांवर लोक बसलेले, कुणी डब्यातून पोहे खात होतं. पोरगं म्हणालं, काका-काकूंनाही आत येऊ द्या. डॉक्टर तरुण मुलगी होती. झोप लागते का, जेवण जातं का, मरावंसं वाटतं का, कधीपासून, कुणाशी बोलता का, असं विचारत गेली. खोकल्याची चौकशी करावी तितक्या साध्या आवाजात. तो सांगत गेला. मग तिनं त्याला एकट्याला थांबवून घेतलं आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

त्याचे आईवडील दारापाशीच उभे राहिले. आमचे हे मात्र चालत चालत पार्किंगपाशी गेले आणि तिथल्या कट्ट्यावर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. दुचाक्यांची ये-जा चालली होती. हे आपल्या हातांकडं बघत होते.

"त्या डॉक्टरनं त्याला एकदाही ‘का’ म्हणून विचारलं नाही," ते म्हणाले.

"नाही विचारलं."

"मग मी आता काय करू?"

त्यांनी माझ्याकडं मान वळवली आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. इतक्या महिन्यांत मी त्यांचं असं तोंड पाहिलं नव्हतं.

"अगं, पोरगं गेलं आपलं," ते म्हणाले. आत्ताच कुणीतरी फोन करून कळवल्यासारखे. "गेलं गं!"

माणसं थांबून बघायला लागली. बघू देत. मी त्यांचं डोकं ओढून माझ्या खांद्यावर घेतलं.

"हो," मी म्हटलं. "गेलं."